कोरा झोका

नव्या बाळाला नवं काही घालायचं नाही, हे वृषालीबाई शिंत्र्यांचं मत इतकं पक्कं होतं की त्यावर घरात चर्चासुद्धा होत नसे. बाईंची सगळी नोकरी सांगलीतल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. ग्रहण लागलं की त्या मुद्दाम वर्गात डबा उघडून जेवत. दारावरचं लिंबू-मिरची उतरवून त्याच्यावर क जीवनसत्त्वाचा धडा घेत. पण बाळाचा विषय निघाला की बाईंमधली विज्ञानशिक्षिका हळूच मागच्या दारानं बाहेर पडायची आणि त्यांची आई पुढच्या दारानं आत यायची. एखादं गुटगुटीत, हसरं पोर ज्या झबल्यात वाढलं, त्याच्या अंगावरून उतरलेलं झबलंच नव्या बाळाला आधी घालायचं, म्हणजे त्या पोराचा गुण आणि आयुष्य याला लागतं.

"नव्या कापडाची खळ टोचते," असं कारण त्या विचारणाऱ्याला देत. शास्त्रीय म्हणून ते बरं होतं.

तेव्हा सून मृण्मयी बाळंत व्हायच्या आधी पाळण्याचा प्रश्न आला, तो आलाच नाही म्हणायचा. बाईंची लेक केतकी चिंचवडला. तिच्या मल्हारचा पाळणा माळ्यावर पडून होता आणि मल्हार तर आता शाळेतून रोज कुणाला तरी बडवून घरी येत होता. एवढं धडधाकट पोर ज्यात वाढलं तो पाळणा सोडून दुसरा आणायचा कशाला? मुलगा शार्दूल गाडीत घालून घेऊन आला. पाळण्याचं नाव सोनपाळणा. बऱ्याच वर्षांपूर्वी घरोघरी दिसायचा तोच, लाकडी कडांचा, वर चांदव्यासारखी कमान असलेला.

बाईंनी माहितीपत्रक आधी वाचलं, मग पाळणा पुसायला घेतला. संध्याकाळी मृण्मयीला घागरीसारखं पोट सांभाळत खुर्चीत बसवून त्यांनी तासच घेतला.

"हे बघ, या कमानीत एक एवढीशी चकती आहे. तिच्यातून रेडिओलहरी निघतात, अगदी मंद. त्या बाळाच्या छातीवर आपटून परत येतात. छाती श्वासागणिक नखाएवढी वर-खाली होते ना, तेवढ्यानं लहर परत यायला किंचित मागंपुढं होतं. त्यावरून हा श्वास मोजतो. श्वास थांबला, तर काही क्षणांत लाल दिवा, पाळण्याला गचका आणि आपल्या सगळ्यांच्या फोनवर बोंब."

"आणि झोका दिला तर? पाळणाच हलणार की."

"शाबास!" बाईंना असा प्रश्न विचारणारी पोरगी वर्गात क्वचितच भेटली होती. "तीच तर गोम आहे. चालत्या बैलगाडीत बसून कुणाची नाडी मोजायची, तसलं काम आहे हे. म्हणून पाळण्याला आधी स्वतःचा झोका पाठ पाहिजे. तो वजा केला की उरतो तो श्वास. त्यासाठी सुरुवातीला पाळणा रिकामाच थोडा वेळ हलवायचा. त्याला यांनी नाव दिलंय कोरा झोका."

पाळणे जुने झाले, स्प्रिंगा सैल पडल्या, तसा त्यांचा झोका बदलला आणि पाठ केलेला झोका जुळेना. पाळणे विनाकारण बोंबलायला लागले. लोक वैतागले. तेव्हा कंपनीनं गेल्याच वर्षी सगळ्या जुन्या पाळण्यांना घरबसल्या नवी प्रणाली पाठवली. आता आईबापांनी काही करायला नको. आत श्वास नसताना पाळणा बराच वेळ हलला, की तो कोरा झोका आहे हे पाळणा आपलं आपणच ओळखणार आणि नव्यानं पाठ करणार. पाळणा रिकामा असला की दिवा मालवायचा, आत बाळ असलं की हिरवा लागायचा.

"हुशार आहे," बाई म्हणाल्या. "आपल्याआपण शिकतोय."

मृण्मयीची आई दोन पावसाळ्यांपूर्वी गेली होती, त्यामुळे बाळंतपण आणि बारसं दोन्ही सांगलीलाच झालं. मुलगी झाली. बारशाला विश्रामबागेतल्या सगळ्या ओळखीच्या बायका जमल्या, पाळण्याला शेवंतीच्या माळा लागल्या, आणि नाव ठेवणाऱ्या आत्याचाच पत्ता नाही. उसाचा हंगाम होता. पेठ नाक्याच्या अलीकडं एक ट्रॉली कलंडली होती आणि केतकी गाडीत बसून ऊस मोजत होती.

आता सजवलेला पाळणा नुसता थांबवून ठेवायचा, तेही बरं दिसत नाही. आणि रिकामा पाळणा हलवायचा नसतो, हे तर कुणाला सांगावंही लागत नाही. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात गोप्या जातो. वरवंटा धुवून, हळदकुंकू लावून, झबलं-टोपडं घालून ठेवलेलाच होता. बाईंनी तो आत निजवला आणि दोरी हातात घेतली. बायकांनी पाळणा म्हणायला घेतला. तो संपला, केतकी आली नाही. दुसरा झाला. समोरच्या इंगळेकाकूंना तर इतकी कडवी पाठ की त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. मृण्मयी आतल्या खोलीत बाळाला पाजत होती, आणि बाहेर तिच्या सासूबाई वरवंट्याला मन लावून झोके देत होत्या. शेवटी केतकी धापा टाकत आली, गोप्या निघाला, बाळ आत गेलं, कानात कुर्रर्र झालं आणि मुलीचं नाव जुई ठेवलं गेलं. सगळं यथासांग पार पडलं असं त्या दिवशी प्रत्येकाला वाटलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी, भरदुपारी ती गोष्ट घडली.

जुईला सर्दी होती. दूध पिऊन ती पाळण्यात झोपली होती. बाई त्याच खोलीत दिवाणावर पुस्तक घेऊन बसल्या होत्या. पान उलटताना त्यांची नजर पाळण्याकडे गेली. दिवा मालवलेला होता. म्हणजे मृण्मयीनं उचललेलं दिसतंय, असं मनात म्हणून बाईंनी पुढचं पान वाचायला घेतलं.

मृण्मयी गच्चीतून वाळलेले कपडे घेऊन आत आली.

"जुई उठली होय?" तिनं विचारलं.

"तुझ्याकडं आहे ना?"

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मग कपडे जमिनीवर पडले.

पोर निपचित होती, ओठ निळसर. मृण्मयीनं तिला हातावर पालथं घेतलं, पाठीत थापट्या मारल्या, पुन्हा मारल्या, तेव्हा नाकातोंडातून दूध बाहेर आलं आणि एक बारीकसं, चिडलेलं रडू उमटलं. मिरजेच्या डॉक्टरांनी एक दिवस ठेवून घेतलं आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. दूध श्वासनलिकेत गेलं होतं. वेळेवर उचललं म्हणून निभावलं.

वेळेवर उचललं ते मृण्मयीनं. बाई हाताच्या अंतरावर बसून पुस्तक वाचत होत्या. पोरीकडं बघायचं सोडून त्यांनी दिव्याकडं बघितलं होतं, आणि हे त्यांना कुणी बोलून दाखवलं नाही, हेच त्यांना जास्त लागलं. त्या दिवसापासून बाईंनी जुईला उचललं नाही. कधी हात पिठाचे असायचे, कधी कंबर धरलेली असायची. कारणं शास्त्रीय असायची.

मृण्मयीची गोष्ट वेगळी. ती भेंडी निबर निघाली तर भाजीवाल्याकडं परत नेणारी बाई होती. कुकरच्या झाकणासाठी तिनं एका दुकानदाराला ग्राहक आयोगात इतक्या चकरा मारायला लावल्या होत्या की तो तिला लांबून बघून शटर ओढायचा. तिनं कंपनीला फोन लावला. पलीकडून एक गोड यांत्रिक आवाज आला.

"आपल्या बाळाची तब्येत ऐकून आनंद झाला. मात्र आमच्या नोंदीप्रमाणे आपण मूळ ग्राहक नाही. उत्पादनाची हमीही संपलेली आहे. नवा सोनपाळणा घेण्यास आपण इच्छुक आहात का?"

"मी तुम्हाला कोर्टात भेटण्यास इच्छुक आहे," मृण्मयी म्हणाली आणि तिनं ग्राहक आयोगाकडं तक्रार केली. वकील दिला नाही. स्वतःच बोलणार म्हणाली. आयोगापुढं ग्राहकाला स्वतः उभं राहता येतं, हे तिला कुकरच्या वेळेपासून ठाऊक होतं.

तक्रार दाखल झाल्यावर मात्र कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून घरी आला. कौस्तुभ दाभोळे, तिशीतला, बूट दाराबाहेर काढून आत येणारा सभ्य मुलगा. त्यानं पाळण्याला आपलं यंत्र जोडलं, बराच वेळ आकडे बघितले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मॅडम, पाळणा बिघडलेला नाही. जे शिकला तेच त्यानं केलं."

"म्हणजे?"

"याच्या कोऱ्या झोक्यात काहीतरी आहे. नवजात बाळाएवढ्या वजनाचं, साधारण तेवढंच लांब, आणि अजिबात न हलणारं. ते आत असतानाच यानं झोका पाठ केलाय. ते आपलाच भाग आहे असं पाळण्याला वाटतंय. त्यामुळं बाळाचा श्वास थांबला, ते निपचित पडलं, की याच्या लेखी..."

"पाळणा रिकामा," मृण्मयी म्हणाली.

"हो. आणि रिकाम्या पाळण्यानं बोंब मारायची नसते. दिवा मालवायचा असतो." त्यानं सगळ्यांकडं पाहिलं. "बाळाशिवाय आत काही ठेवलं होतं का? आठवून सांगा."

"काही नाही," मृण्मयी म्हणाली.

"छे, काहीच नाही," शार्दूल म्हणाला.

"काही नाही हो," बाईही म्हणाल्या, आणि अगदी मनापासून म्हणाल्या.

दाभोळेनं चहा घेतला. निघताना मृण्मयीच्या खांद्यावरच्या जुईला बोट दाखवून तो हसला. "नाव काय ठेवलं?"

"जुई."

"छान आहे. बारसं जोरात झालं असेल."

तो गेला. बाई कपबशा उचलायला वाकल्या आणि तशाच खाली बसल्या. डोळ्यांपुढं टोपडं घातलेला वरवंटा आला, इंगळेकाकूंची कडवी आली, आपला दोरी ओढणारा हात आला. एवढ्या बायकांच्या देखत आपण त्या पाळण्याला दगड म्हणजे बाळ असं घोकून घोकून शिकवलं, आणि शिकवणं तर आपला धंदा.

तरी त्या बोलल्या नाहीत. आज सांगू, उद्या सांगू असं चाललं. सांगितल्यावर मृण्मयीच्या डोळ्यांत जे दिसेल ते बघायची त्यांची तयारी नव्हती. मुलीजवळ बसून पुस्तक वाचणारी आजी, एवढंच असतं तर एक वेळ चाललं असतं.

कंपनीकडून तडजोडीचा निरोप आला. नवा कोरा पाळणा देतो, मात्र घरच्या माणसांनी चुकीचा वापर केल्यामुळं हा प्रसंग घडला, हे मान्य करा आणि विषय इथंच मिटवा.

"घेऊन टाकू," शार्दूल म्हणाला. "पोरगी बरी आहे. कशाला तारखांना खेटे घालायचे?"

"घ्या की," बाई पटकन म्हणाल्या. "मिटवा ते."

मृण्मयीनं चमकून सासूकडं पाहिलं. "आई, हे तुम्ही म्हणताय? चुकीचा वापर कुणी केला? मी आयोगापुढं शपथेवर सांगून आलेय, आत काही ठेवलं नव्हतं म्हणून. आता केलं म्हणू? आणि हे पाळणे काय एका घरात राहतात का? केतकीताईंनी आपल्याला दिला, आपण उद्या कुणाला तरी देऊ. कुठं कुठं फिरत असतील."

बाई स्वयंपाकघरात निघून गेल्या.

त्याच आठवड्यात इंगळेकाकू दारात आल्या. त्यांच्या मुलीच्या मुलाचं बारसं होतं.

"संध्याकाळी लवकर या ओ बाई. दोरी धरायला तुम्हीच पाहिजे. तुमच्या जुईच्या बारशाला काय झोका दिलाता!"

"पाळणा कुठला आणलाय?" बाईंच्या तोंडून गेलं.

"भाचीचा आहे की जुना. तुमच्यासारखाच, दिवा लागणारा. नवं कशाला आणायचं बाळाला? तुम्हीच सांगता न्हवं."

इंगळेकाकू गेल्या. बाई दाराची कडी धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. आपल्याच अंगणात आपला धडा दुसऱ्या वर्गात सुरू होणार होता. त्या आत आल्या. मृण्मयी जुईच्या लंगोटांच्या घड्या घालत होती.

"मृण्मयी, पाळण्यात वरवंटा होता," बाई म्हणाल्या.

"कुठला वरवंटा?"

"गोप्या. बारशाचा. केतकी येईपर्यंत मी त्यालाच झोके देत बसले होते. बराच वेळ. दाभोळे गेला त्या दिवशीच माझ्या ध्यानात आलं."

मृण्मयीच्या हातातली घडी तशीच राहिली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"त्या दिवशी? आणि आज सांगताय?"

"हो."

"मी तिथं शपथ घेऊन खोटं बोलले, आई. तुम्ही मला बोलू दिलंत."

"इंगळ्यांकडं संध्याकाळी तसलाच पाळणा आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

मृण्मयीनं चपला घातल्या आणि गेली. इंगळ्यांच्या घरात तिनं काय सांगितलं कुणास ठाऊक, पण त्या संध्याकाळी तिथलं बारसं माळ्यावरून काढलेल्या एका साध्या झोळीत झालं. परत आल्यावर मृण्मयीनं हात धुतले, घड्या पुऱ्या केल्या आणि सासूकडं न बघता म्हणाली, "मला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाहीये. पण तारखेला तुम्ही यायचं. हे तिथं तुम्हीच सांगायचं."

"येते," बाई म्हणाल्या.

त्या दिवसांत दोघी एकमेकींशी फक्त कामापुरतं बोलल्या. भात लावला का, डॉक्टरांकडं कधी जायचंय. शार्दूल मधल्या मध्ये घरात पाहुण्यासारखा वावरत होता.

आयोगाच्या दालनात एका भिंतीवर मोठा पडदा होता. जो जे बोलेल ते यंत्र ऐकून तिथं लिहीत असे, लेखनिक आता नव्हते. अध्यक्षबाई चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या होत्या. कंपनीचे वकील आधी उभे राहिले. पाळणा जुना, दुसऱ्याच्या घरातून आलेला, हमी संपलेली. या तिन्हींपैकी एक असतं तरी तक्रार टिकली नसती, असं त्यांनी गोड शब्दांत सांगितलं.

मृण्मयी उठली. "विकत घेणाऱ्याच्या संमतीनं जो वापरतो तोही ग्राहकच, असं कायदाच म्हणतो. केतकीताईंनी स्वतः दिलाय. राहिलं जुनेपण. लाकूड जुनं आहे, मान्य. पण बिघाड लाकडात नाही. पाळण्याला नवं डोकं तुम्ही गेल्या वर्षी बसवलंत. आम्ही मागितलं नव्हतं, आम्हाला विचारलं नव्हतं. मग गेल्या वर्षी जे दिलं त्याची हमी सात वर्षांपूर्वीपासून कशी मोजता?"

अध्यक्षबाईंनी काहीतरी टिपून घेतलं. वकिलांनी पाण्याचा घोट घेतला.

"आणि एक. मी शपथेवर सांगितलं होतं की पाळण्यात काही नव्हतं. ते चुकीचं होतं. माझ्या सासूबाई सांगतील."

वृषालीबाई उभ्या राहिल्या. आयुष्यभर फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या बाईंचा आवाज पहिल्या वाक्याला कापला. "बारशाच्या दिवशी बाळाच्या आधी मी पाळण्यात गोप्या ठेवला होता. त्यालाच बराच वेळ झोके दिले."

भिंतीवर अक्षरं उमटली: साक्षीदाराने गोप्या नावाच्या इसमास पाळण्यात ठेवून झोके दिले.

दालनात हशा पिकला. अध्यक्षबाईंनीही ओठ दाबले. बाईंना मात्र हसू आलं नाही. त्या पडद्याकडं बघत राहिल्या, आणि त्यांचा आवाज जागेवर आला.

"बघा, यालाही कळलं नाही," त्या म्हणाल्या. "गोप्या म्हणजे वरवंटा. हे मराठीत लिहिणाऱ्या यंत्राला ठाऊक नाही, आणि मराठी घरात विकलेल्या पाळण्यालाही ठाऊक नव्हतं. मी विज्ञान शिकवायचे. मला ते कळायला हवं होतं, ते मी टाळणार नाही. माझी चूक माझ्यापाशी आहे. पण पाळणा रिकामा हलवायचा नाही, हे आमच्यात प्रत्येक बाईला ठाऊक असतं. आणि तुम्ही असा पाळणा केलात, की जो रिकामा हलला तरच शहाणा होतो."

वकील पुन्हा उठले. त्यांना हवं ते आयतं मिळालं होतं. "म्हणजे पाळण्यात दगड ठेवला, हे मान्य. यालाच गैरवापर म्हणतात. कोणती कंपनी अशी कल्पना करील?"

अध्यक्षबाईंनी मागच्या रांगेत बसलेल्या दाभोळेकडं पाहिलं. "ही प्रणाली तपासणाऱ्यांत तुम्ही होता ना? तुम्हाला मूल आहे?"

"हो, मॅडम. मुलगा. चार महिन्यांचा."

"बारसं केलंत?"

"आईनं केलं."

"बाळाच्या आधी पाळण्यात काय ठेवलं?"

वकील दाभोळेकडं डोळे वटारून बघत होते, ते त्याला दिसतही नव्हतं.

"वरवंटा," तो म्हणाला.

"मग या घरी तपासायला गेलात, तेव्हा तुम्हाला सुचलं नाही?"

"नाही सुचलं, मॅडम. मी यांना विचारलं, काही ठेवलं होतं का. आणि मला स्वतःला कुणी विचारलं असतं, तरी मी नाहीच म्हणालो असतो. ती वस्तू आहे असं कधी मनातच आलं नाही. तो गोप्या होता." बोलता बोलता त्यानं खिशातून फोन काढला. "आमचाही पाळणा जुनाच आहे. बहिणीच्या मुलाचा. मॅडम, मला एक फोन करू द्या. घरी. तो आत्ता झोपलेला असेल."

"करा. जा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

तो जवळजवळ पळतच बाहेर गेला. दार उघडं राहिलं होतं आणि व्हरांड्यातून त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "आई, त्याला उचल. आधी उचल, मग विचार. नाही, दिवा बघू नकोस, त्याला बघ." आणि मग एका मोठ्या माणसाचं भिंतीला टेकून रडणं. पोर व्यवस्थित होतं. झोपमोड झाली म्हणून फोनमधून ओरडत होतं.

कंपनीच्या वकिलांनी त्यानंतर फारसं काही मांडलं नाही.

निकाल यायला थोडे दिवस गेले. कंपनीनं ती प्रणाली ताबडतोब मागं घ्यावी, प्रत्येक जुन्या पाळण्यानं स्वतःच्या आवाजात घरच्यांना धोका सांगावा, पाळणा कितव्या घरात आहे हे कंपनीनं विचारू नये, असा आदेश निघाला. ज्या घरांत वस्तू विकायची त्या घरांची रीत हा वस्तूचा वापरच असतो, तिला गैरवापर म्हणता येणार नाही, असंही अध्यक्षबाईंनी लिहिलं होतं. शिंत्र्यांच्या घरातल्या कुणाचाही दोष नाही, हे एक वेगळं वाक्य होतं. शार्दूलनं ते आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. केतकीनं चिंचवडहून फोन करून तेच वाक्य पुन्हा वाचलं.

बाईंनी ऐकून घेतलं. आनंद झाला, नाही असं नाही. दुसऱ्यांची पोरं वाचतील, हे मोठंच होतं. पण त्या वाक्यानं त्यांच्या हातांचं काही सुटलं नाही. आयोग म्हणाला दोष नाही, आणि तरी जुई रडली की त्या हात पदराला पुसत उभ्या राहायच्या आणि मृण्मयीला हाक मारायच्या. मृण्मयीही यायची, काही न बोलता पोरीला उचलायची आणि जायची.

तिची रजा संपली. कामावर जायच्या पहिल्या दिवशी सकाळी घरात नुसती धांदल होती. शार्दूल लवकर निघून गेला होता. डबा भरायचा राहिला होता, इस्त्री तापत होती, आणि जुईनं जमिनीवरच्या दुपट्यात लोळत भोकाड पसरलं होतं. बाई ओट्यापाशी उभ्या होत्या.

"मृण्मयी, अगं, ही रडतेय," त्यांनी सवयीनं हाक मारली.

मृण्मयी आली. केस विस्कटलेले, खांद्यावर टॉवेल. तिनं जुईला उचललं, बाईंसमोर आली आणि पोरीला त्यांच्या हातांत दिलं. ठेवलं म्हणायला हवं, कारण बाईंचे हात आधी पुढं आलेच नव्हते.

"माझे हात पिठाचे आहेत गं," बाई म्हणाल्या.

"असू देत. तिलाही आंघोळ घालायचीच आहे." मृण्मयीनं खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. "मी अजून रागावलेय, आई. ते जाईल तेव्हा जाईल. पण मला उशीर होतोय, आणि हिला धरायला मला तुम्हीच पाहिजे."

ती न्हाणीघराकडं वळली. जुई निपचित सापडली त्या दुपारपासून मृण्मयी न्हाणीघराचं दार नुसतं लोटून आंघोळ करायची. पाण्याचा आवाज मध्येच थांबायचा, ती कान द्यायची, मग पुन्हा तांब्या वाजायचा. बाईंना ते रोज ऐकू यायचं आणि त्या रोज ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

आज दार लागलं. आतून कडी सरकली.

बाईंनी जुईला छातीशी धरलं. पिठाचा हात तिच्या पाठीवर पसरला. पोर हुंदके देत शांत होत गेली, आणि बाईंना हाताखाली ती इवलीशी पाठ वर येताना आणि खाली जाताना कळत राहिली. आत पाणी धो धो वाहत होतं, मध्ये एकदाही न थांबता.